दसऱ्याला बघू

आमच्या घरमालकांना कोणतंही बिघडलेलं यंत्र दाखवा. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर शेजारच्या मास्तरांचा घोगरा झालेला रेडिओ असो. ते आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटून जरा वेळ गप्प बसायचे आणि मग निकाल द्यायचे, "दसऱ्याला बघू." तेव्हा चैत्र चालू असला तरी निकाल तोच.

मी लग्न होऊन नाशिकला आले त्याच महिन्यात माझी इस्त्री बंद पडली. माहेरहून आणलेली, नवीकोरी. मी ती घेऊन तणतणत खाली गेले.

"नाना, ह्यांना उद्या कामावर जायचंय हो. दसरा कुठे नि आपण कुठे!"

"मग चुरगाळलेला शर्ट घालून जाऊ द्या की," नाना म्हणाले. "कामावरच जायचंय ना, बोहल्यावर थोडंच उभं राहायचंय? ते झालंय एकदा."

आतून माईंचा आवाज आला, "पोरी, दुकानात नेऊन दे जा. ह्या माणसाच्या नादी लागशील तर वर्षभर बिनइस्त्रीची राहशील." माई म्हणजे नानांची बायको. त्यांना स्वतःला ह्या माणसाच्या नादी लागून तीसेक वर्षं झालेली होती, त्यामुळे त्यांचा सल्ला मी मुकाट्याने ऐकला.

मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरात वाढलेली. आमच्याकडे इंजिन बिघडलं की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून धावायची. इथे हा माणूस मांडी घालून, चहा फुंकून पीत, वर्षातून एकच दिवस यंत्र उघडणार! मला तर पहिल्या दिवशीच वाटलं, काय विक्षिप्त घरमालक पदरात पडलाय. नंतर त्याच घरात आम्ही इतकी वर्षं राहिलो की भाडेकरू आहोत हे आमच्याही लक्षात राहिलं नाही आणि त्यांच्याही.

नाना हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळी गल्ली त्यांना नानाच म्हणायची. मखमलाबाद रस्त्याला त्यांच्या घराभोवती पूर्वी त्यांचा मळा होता, गुलाबाचा आणि झेंडूचा. भाऊवाटण्या झाल्या, प्लॉट पडले, बंगले उठले. नानांच्या वाट्याला खाली-वर असं एक घर आणि घरामागे झेंडूची एक पट्टी उरली. पट्टीचं काम सकाळी, आणि मग अंबडच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी. माझे यजमान त्याच कारखान्यात हिशेबखात्यात होते, म्हणून तर वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. नाना उंच, जरा वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोटं ही जाडजूड, पण त्या बोटांनी मोहरीएवढा स्क्रू असा अलगद उचलायचे की बघत राहावं.

कोणतीही बंद वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. करंजी दिली की आधी मोडून आत बघणार, मग खाणार. माई म्हणायच्या, "विष घातलंय मी, बघा सापडतंय का." गल्लीतल्या एका लग्नात नानांनी आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ नेलं आणि देण्याआधी मांडवातच, खुर्चीवर बसून, त्याची पाठ उघडली. आत नीट आहे की नाही बघायला नको? नवरीचे वडील लालबुंद झाले. "अहो, चालू घड्याळ उघडताय कशाला? अपशकुन करताय का?" नाना शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, जावई बी असाच आतनं बघितलाय का नुसता वरनं?" माई त्यांना हाताला धरून जेवायच्या पंगतीत घेऊन गेल्या म्हणून पुढचं टळलं. असं चालू वस्तू नुसती उघडून बघायला आणि मिटायला त्यांना कोणताही दिवस चालायचा बरं का. दुरुस्तीचा दिवस मात्र एकच, खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण काय करतो? शिलाईमशीनला, गाडीला, कोयत्या-विळ्याला हळदकुंकू लावतो, हार घालतो, मोकळे होतो. नाना हे बघून हळहळायचे. "बंद डब्याची पूजा करता होय? आत कोण राबतंय ते तरी बघा एकदा." म्हणून त्यांच्याकडे पूजा व्हायची ती उघड्या यंत्रांची. सकाळी आंघोळ करून ओट्यावर माईंचं जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर घरातली आणि गल्लीतली सगळी यंत्रं मांडायची, एकेकाची पाठ काढायची, आतलं घाण-केस-झुरळ साफ करायचं, काय तुटलं-जळलं असेल ते बदलायचं. स्क्रू ठेवायला माईंचा मिसळणाचा डबा. मोहरीच्या वाटीत मिक्सरचे स्क्रू, हळदीच्या वाटीत पंख्याचे, जिऱ्याच्या वाटीत रेडिओचे. माईंनी पहिल्या वर्षी थयथयाट केला आणि दुसऱ्या वर्षी नवा डबा घेऊन जुना त्यांना देऊन टाकला. संध्याकाळी त्या उघड्या पोटांची पूजा. रात्रभर ती तशीच उघडी ठेवायची, वारा लागू द्यायचा. दसऱ्याला सकाळी सगळ्यांच्या पाठी लावायच्या आणि मग पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर धुऊनपुसून देवापुढे ठेवायचे. त्यानंतर संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. एका दसऱ्याला दुपारी घराचा नळ फुटला तेव्हाही नानांनी पाना उचलला नव्हता, नळाला लुगडं गुंडाळून बसून राहिले होते.

कारखान्यातही त्यांनी हेच चालवलं होतं. तिथली खंडेनवमी म्हणजे त्या काळी मोठं प्रस्थ. मशिनं धुऊन लख्ख, झेंडूच्या माळा, आम्ही बायकामुलं नटूनथटून बघायला जाणार, पेढ्यांचे पुडे घेऊन येणार. मी पहिल्यांदा गेले त्या वर्षी नानांनी त्यांच्या भागातल्या सगळ्या मशिनांची झाकणं काढून ठेवली होती. मोठे साहेब नारळ घेऊन आले आणि बघतच राहिले. "हे काय? झाकणं लावा आधी. पाहुणे आलेत."

"सायेब, घरी देवाची पूजा करताना तुम्ही देव्हाऱ्याचं दार लावून घेता का?" नानांनी विचारलं.

साहेब हसले आणि आत दिसणाऱ्या गिअरला त्यांनी स्वतः कुंकू लावलं. माझे यजमान दर वर्षी हा प्रसंग नव्याने सांगायचे, आणि दर वर्षी त्यात साहेब थोडे जास्त हसायचे.

पण वर्षातून एकदाच का? हे मी एकदा त्यांना विचारलंच. घरामागे बसून आम्ही दोघं झेंडूची फुलं तोडत होतो.

"ताई, मी पोरगा होतो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "विहिरीवर इंजिन होतं. आत काय वाजतंय ते बघायची मला लय हौस. भर वैशाखात उघडलं, आणि मला परत लागेना. फिटर मिळून ते चालू होईस्तोवर आख्खा गुलाब वाळला."

"मग? वडिलांनी बदडलं असेल."

"नाय ना. हातसुद्धा लावला नाय. मळ्यातनं फिरून आले आणि म्हणाले, उघडायचं तर खंडेनवमीला उघडत जा बाबा, तवा रानात ओल असती, पाण्यावाचून काय अडत नाय. बस. मारलं असतं तर मी इसरून गेलो असतो."

त्यानंतर मी त्यांना 'दसऱ्याला बघू'वरून चिडवणं बंद केलं. खरं सांगायचं तर कमी केलं.

माईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात नानांच्या शेजारी बसले होते. डॉक्टर समजावून सांगत होते, छाती उघडावी लागेल, इतके तास लागतील. मला धास्ती, हा माणूस आता विचारणार, मला आत बघू द्या. त्यांनी आयुष्यभर हेच केलेलं. रक्तदाब मोजायचं यंत्रसुद्धा डॉक्टरांकडून मागून घेऊन उलटंपालटं करून बघितलेलं. पण नाना काही बोलले नाहीत. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "ताई, येवढं एक मला नाय बघायचं." आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून लहान मुलासारखे रडले. मी नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

माई वाचल्या, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. दोन पावलं चालल्या की धाप लागायची. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट आली. तोंड मात्र तसंच चालू होतं, देवाची कृपा. स्वयंपाक नाना करू लागले आणि माई खाटेवरून त्यांची रोज परीक्षा घेऊ लागल्या. "भातात खडा आहे." "पोळी आहे का पापड?"

त्यांचा एकुलता एक मुलगा जर्मनीत होता. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा एक लहानसा लॅपटॉप ठेवून गेला. वहीपेक्षा जरा मोठा, काळाभोर. "आई, तुला आता प्रवास नको. ह्याच्यावर रोज भेटू." तो चालवायचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी मी खाली जायचे, माईंच्या मांडीवर पाट, पाटावर लॅपटॉप. पण त्या बिचाऱ्याचा जीव तो केवढा! मुलगा दिसायचा, हसायला तोंड उघडायचा आणि तसाच अडकून बसायचा. आवाज पुढे निघून जायचा, चेहरा मागे. माई त्या अडकलेल्या चेहऱ्याशीच बोलत राहायच्या.

आणि मग जर्मनीत सुनेला मुलगी झाली.

बारसं त्यांनी दसऱ्याच्या दिवशी धरलं, तिकडच्या दुपारी, म्हणजे आपल्या साडेतीनच्या सुमाराला. आता नाव कानात कोण सांगणार? मुलाला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. मुलगाच म्हणाला, "आई, कुर्रर्र तू करायचंस. लॅपटॉप आम्ही पाळण्यात बाळाच्या कानाशी धरू." माईंना त्या दिवशी जे तेज चढलं! नात आपल्याला मांडीवर घ्यायला बहुधा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, कोणी बोलायचं नाही एवढंच. तिच्या कानात पहिला शब्द आपला जाणार, ह्यावर त्या तरंगत होत्या. दिवसभर खाटेवर पडून 'कुर्रर्र, कुर्रर्र' अशी तालीम चालायची. दूधवाला एकदा घाबरून विचारून गेला, माईंना काय होतंय म्हणून.

पण चित्र अडकलं तर? आवाज तुटला तर? माझे यजमान म्हणाले, ह्याची मेमरी वाढवायला हवी.

"म्हंजे ते इसरतंय म्हणून अडकतंय का?" नानांनी विचारलं.

"विसरत नाही नाना. त्याला एका वेळी फार गोष्टी ध्यानात ठेवता येत नाहीत."

"माझ्यासारखंच झालंय मग," माई म्हणाल्या.

यजमानांनी एम. जी. रोडवरून मेमरीची नवी पट्टी आणली, बोटाएवढी लांब, हिरवी. दुकानदार म्हणाला होता, लॅपटॉप घेऊन या, लगेच बसवून देतो. हे ऐकल्यावर नानांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"दसऱ्याला—"

"नाना, खबरदार!" मी ओरडलेच. "दसऱ्यालाच बारसं आहे!"

"मग खंडेनवमी आदल्या दिवशीच हाय ना? सकाळी उघडू, दुसऱ्या दिवशी सकाळी मिटू, दुपारी बारसं. ह्याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?"

मी भांडले. यजमानांनी समजावलं. दुकानातला मुलगा घरी येऊन बसवून देईल म्हणालो. छे! "माझ्या नातीचं यंत्र हाय. त्याचं पोट परक्यानं उघडायचं नाय आणि आडदिवशी बी उघडायचं नाय." मी आशेने माईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं. आजवर ह्यांनी उघडलेलं काही चालू झालं नाही असं झालंय का?" झालं! बायकोच अशी फितूर झाल्यावर मी भाडेकरूने काय बोलायचं?

खंडेनवमीला ओट्यावर, मिक्सर आणि पंख्यांच्या मधोमध, तो इवलासा लॅपटॉप पालथा घातलेला होता. नानांनी त्याचे स्क्रू काढून डब्यातल्या वेलदोड्याच्या वाटीत ठेवले. पाठीचं झाकण नखाने सोडवलं. आतून धूळ निघाली ती मऊ ब्रशने झाडली. जुनी पट्टी दोन्ही बाजूच्या चिमट्यांतून सोडवून काढली आणि नव्या पट्टीशेजारी ताटात ठेवली. "संध्याकाळी पूजा, मग सकाळी नवी बसवायची," ते म्हणाले. "आज त्याला मोकळा श्वास घेऊ द्या."

संध्याकाळी दर वर्षी पूजा नाना एकटे करायचे. त्या वर्षी माईंनी हट्ट धरला, "माझ्या नातीचं यंत्र हाय. अक्षता मी टाकणार." मग पाटावर मांडून तो लॅपटॉप आत त्यांच्या खाटेशी आणला. नानांनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता त्यांच्या हातावर ठेवल्या. माईंनी चिमूटभर टाकायच्या की नाही? त्यांनी अख्खी मूठ उधळली, लग्नात उधळतात तशी. खूप दिवसांनी त्यांचा हात एवढा वर गेलेला मी बघितला. नाना हसले, त्यांनी लॅपटॉप उपडा करून अक्षता झाडल्या.

दसऱ्याला सकाळी नवी पट्टी बसली, झाकण लागलं, स्क्रू आवळले गेले, हत्यारं धुऊन झेंडूची फुलं वाहून देवापुढे गेली. मी म्हटलं, चालू करून बघूया का? नानांनी माझ्याकडे असं बघितलं, मी जणू देवाला तू खरा आहेस का म्हणून विचारलं होतं. श्रीखंड-पुरीची जेवणं झाली. माईंना त्यांचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवलं, केसांत झेंडू माळला. त्यांनी अंबाडा घालून घेतला, कपाळ पुसून नवं कुंकू लावलं. आणि मी लॅपटॉपचं बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा फिरल्याचा आवाज आला. पडदा काळा तो काळाच.

परत दाबलं. परत काळा. मी नानांकडे बघितलं. ते उभे होते, ते तसेच खाटेच्या कडेला बसले.

"पट्टी खराब आली असेल," माझे यजमान म्हणाले. "जुनी लावून बघूया." पण लावायची कशाने? हत्यारं देवापुढे, आणि सोनं वाटायला अजून संध्याकाळ व्हायची होती. माझ्याकडच्या सुरीचं टोक त्या बारीक स्क्रूत शिरेना. सगळ्यांना कळत होतं काय हवंय ते, आणि ते नानांनी स्वतः उचलल्याशिवाय कुणी उचलणार नव्हतं.

नाना उठले. देवापुढे गेले. हात जोडले. स्क्रूड्रायव्हरवरचं फूल काढून बाजूला ठेवलं, तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "माफ कर रे बाबा." नळ फुटला तेव्हा न उठलेला तो माणूस!

झाकण निघालं. जुनी पट्टी लावली, काळा पडदा. नवी परत लावली, काळाच. नाना जमिनीवर उकिडवे बसलेले, चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर घाम. मोहरीएवढा स्क्रू अलगद उचलणारी बोटं तीच पट्टी पुन्हा पुन्हा काढून लावत होती. शेवटी त्यांनी हात टेकले. "ताई, पट्टीची जागाच गेली वाटतं. वैशाखात उघडल्यागत झालं." माईंकडे बघायची त्यांची छाती होईना. मीही मग तोंड सोडलं. काय काय बोलले, तुमची ती खंडेनवमी घाला चुलीत इथपर्यंत. काळजीने माझं डोकंच फिरलं होतं. मुलाचा फोन येऊन गेला, सगळे जमलेत, पाळणा सजलाय.

"इकडं आणा ते," माई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?" नाना.

"त्यातलं नाय कळत. तांदळातलं कळतं. काल मी मूठ टाकली. सगळे निघाले का?"

"झाडले की मी. तुझ्यादेखत."

"खडे बी झाडल्यानं निघत असते तर मी जन्मभर तांदूळ निवडत कशाला बसले असते? ताई, सूप आण गं."

मी सूप आणलं. माईंनी लॅपटॉप उघड्या पाठीने सुपात ठेवला, मेमरीची पट्टी काढायला लावली, आणि सूप खिडकीच्या उजेडाकडे जरासं कलतं धरलं. तांदूळ निवडताना बाई बसते ना, मान एका बाजूला, ओठ घट्ट, अगदी तशा बसल्या. धाप लागलेली, पण सूप हललं नाही. मग बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय लाल?"

आम्ही तिघांनी वाकून बघितलं. आम्हाला काही दिसेना. माईंनी उदबत्तीची मागची काडी मागून घेतली, पट्टी बसते त्या फटीत हलकेच फिरवली, आणि टुणकन सुपात एक लाल ठिपका पडला. तांदळाची कणी. अर्धी नव्हे, पावसुद्धा नव्हे, चुरा.

नानांचा चेहरा फुलला. पण माईंचा चढला. "कणी! अक्षतांत कणी? अक्षत अख्खी लागती एवढं बी ठाऊक नाय तुम्हाला? अख्खा दाणा असता तर त्या फटीत गेलाच नसता. मी निवडत होते तोवर ह्या घरात कुणाला कणी दिसली होती का?"

"चुकलं," नाना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

पट्टी बसली. बटण दाबलं. पडदा उजळला आणि माझे यजमान लहान मुलासारखी टाळी वाजवून मोकळे झाले. जर्मनी लागली. चित्र अडकलं नाही! मुलगा हसला तो पुरता हसला, सून हलली, मागे कुणीतरी फुगा फोडला तोही नीट फुटला. मग त्यांनी त्यांचा लॅपटॉप पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला आणि आमच्या पडद्यावर एक गुलाबी कान तेवढा दिसायला लागला. माईंनी आपला चेहरा पडद्याला जवळजवळ टेकवला. "कुर्रर्र" केलं, आणि मग कुजबुजत काहीतरी सांगितलं. नाव ठरलेलं होतं, छोटंसंच, दोन अक्षरी. पण माई बराच वेळ सांगत होत्या.

तिकडून मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला नाही ऐकू आलं गं. काय सांगितलंस?"

"तुला कशाला ऐकू यायला पाहिजे?" माई म्हणाल्या. "जिचं तिला सांगितलं."

संध्याकाळी सोनं वाटताना नाना प्रत्येकाला तेच सांगत होते, की हत्याराला हात लावला, पण नातीच्या कामाला लावला. आणि रात्रीच्या जेवणाला बसताना माईंना विचारत होते, येवढं काय सांगत होतीस? माई म्हणाल्या, "दसऱ्याला बघू."

हल्लीची यंत्रं मी बघते तेव्हा मला नानांची आठवण येते. स्क्रूच नसतात, सगळं गोंदाने चिकटवलेलं. पाठीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, उघडू नये. नानांनी ते वाचलं असतं तर चष्मा काढून, पुसून, परत वाचलं असतं आणि दुकानदाराला विचारलं असतं, असं आत काय पाप केलंय ह्यांनी?

त्या बारशानंतर नाना रोज तांदूळ निवडायला लागले. सूप घेऊन माईंच्या खाटेशेजारी, खिडकीच्या उजेडात. माई कणी दाखवायच्या, नाना उचलायचे. त्यांची भांडणंही त्या सुपावरच व्हायची. पुढचा दसरा माईंनी बघितला नाही. पावसाळ्यात एका सकाळी चहा घेता घेता गेल्या. कप हातातून सुटलासुद्धा नव्हता.

त्या वर्षी खंडेनवमीला गल्लीतलं कुणी यंत्र घेऊन येईना, नानांना कसं विचारायचं म्हणून. पण सकाळी मी खाली आले तर ओट्यावर माईंचं लुगडं अंथरलेलं. मिसळणाचा डबा शेजारी. आणि लुगड्यावर एकटा तो लहानसा लॅपटॉप, पाठ उघडलेली. त्याला काही झालेलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात त्याच्यावर नात रांगताना मी नानांना दाखवली होती.

"नाना, चालू आहे की तो. कशाला उघडलात?"

नाना त्या उघड्या पोटाकडे बघत होते. "तिनं नातीच्या कानात सांगितलेलं ह्याच्यातनंच गेलं ना, ताई?"

"हो."

"ते ह्याच्यात ऱ्हात नाय, मला ठाऊक हाय. तुमच्या ह्यांनी समजावलंय मला. येतं तसं निघून जातं." थोडं थांबून म्हणाले, "तरी वाट हीच होती ना. म्हटलं, एकदा बघू."

त्यांनी माझ्यापुढे अक्षतांची वाटी केली. एकेक दाणा अख्खा, निवडून निवडून घेतलेला. मी चिमूट घेतली आणि जपून, बाजूबाजूने, लॅपटॉपच्या कडेला टाकली. आत एकही जाऊ नये म्हणून श्वास रोखून.

मग नानांनी खिशातून एक कागदाची पुडी काढली. तिच्यात बारशाच्या दिवशीची ती कणी होती. कुंकवाचा रंग जवळजवळ उडालेला. त्यांनी ती बोटाच्या टोकावर घेतली आणि बरोबर पट्टी बसते त्या फटीवर धरली.

"अहो नाना, आत पडेल ना!" मी म्हटलं. "आता काढायला माई नाहीत."

"म्हणून तर," नाना म्हणाले, "तिचं येवढं तरी आत ऱ्हाऊ दे," आणि त्यांनी बोट फटीत झटकलं.